लांबसर थांबतात

त्या माणसाला ‘कसं काय, बरं आहे का?’ असं विचारायची चोरी होती. तुम्ही-आम्ही काय करतो? ‘बरंय, बरंय’ म्हणतो आणि पुढं सटकतो. विचारणाऱ्यालाही उत्तर नकोच असतं. हा मात्र जागच्या जागी थांबायचा, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचा, आभाळाकडं बघायचा आणि खरोखर विचार करायचा. मग सांगायचा, “सकाळी बरं नव्हतं. रात्री घरची आठवण आली होती. नंतर मी पोहे खाल्ले. आता साधारण सत्तर टक्के बरं आहे.”

निमोण्यात चहाच्या टपरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना आयतंच खेळणं मिळालं. त्याची सायकल लांबून दिसली की एकमेकांना कोपरानं ढोसायचे. “काय सर, आज किती टक्के?” तो सायकल लावायचा, विचार करायचा. “पंचावन्न. भाकरी जास्त झाली.” म्हातारे खूश. एकदा नव्वद म्हणाला तर त्याला दोन चहा पाजले. चेष्टा आपलीच चाललीय हे त्याला कळत होतं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कळत असावं. पण प्रश्न विचारलाय म्हटल्यावर उत्तर द्यायचं, एवढं एकच त्याला ठाऊक.

डेन्मार्कचा होता. वय तेवीस. तिकडं मास्तर व्हायचं तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी दहा आठवडे परदेशातल्या एखाद्या प्राथमिक शाळेत शिकवून दाखवायची सोय असते म्हणे. त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांनी समुद्रकिनारे बघून देश निवडले. ह्यानं निमोण्याजवळची आमची दोन शिक्षकी वस्तीशाळा निवडली. कारण त्याच्या गावात एक मराठी काकू राहायच्या. त्यांच्याकडून तो हौसेनं दोन वर्षं मराठी शिकलेला, आणि त्या काकूंची मावसबहीण म्हणजे आमच्या वस्तीवरच्या आप्पांची सून. मराठी बोलायचा ते सगळं पुस्तकातल्यासारखं. “मला क्षमा करा, मी अजून विचार करतो आहे.” पोरं म्हणायची, बाई, हे सर धडा बोलतात.

त्याची मार्गदर्शक शिक्षिका मी. हेडमास्तर कायम मिटिंगला, नाहीतर मतदारयादीच्या कामाला. तेव्हा तिसरी-चौथीचा वर्ग, पोषण आहार, बंद पडलेला कॉम्प्युटर आणि हा डेन्मार्क, सगळं माझ्याच गळ्यात.

नोव्हेंबरात आप्पा आणि मी त्याला आणायला दौंड स्टेशनवर गेलो. आप्पा म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, झेंडू-शेवंतीचे बागायतदार. गावातल्या कुठल्याच निवडणुकीत त्यांना आजवर कुणी पाडू शकलेलं नाही. गाडी म्हणजे त्यांचा पिकअप, मार्केटला फुलं टाकून रिकामे क्रेट भरून परत निघालेला. पुढच्या सीटवर ड्रायव्हर, आप्पा, मी. हा डब्यातून उतरला तोच वाकून, उंची साडेसहा फूट. पुढं काही मावेना. म्हणाला, “मला मागे बसायला आवडेल,” आणि क्रेटांच्या मधोमध पाय दुमडून बसला. पाटसपाशी उसाच्या ट्रॉल्यांमागं आम्ही तासभर अडकलो. मागून आवाज आला, “हे सर्व ऊस कोणाचे आहेत?”

आप्पा म्हणाले, “शेतकऱ्याचं.”

थोड्या वेळानं पुन्हा आवाज. “कोणत्या शेतकऱ्याचे?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “बाई, ह्ये प्रकरण अवघड जाणार हाय.”

आपल्याकडं पाहुणा आला की सत्कार आलाच. फेटा बांधला तर तो दारातून जाईना, शाल कमरेपर्यंतच पुरली. नारळ तेवढा मापात होता. दुसऱ्या दिवशी हा नारळ घेऊनच शाळेत हजर. “बाई, याचं मी काय करावं अशी अपेक्षा आहे?” मी म्हटलं, फोडा आणि खा. “पण हा मला सन्मान म्हणून दिला आहे. सन्मान कसा खाऊ?” मग तो सन्मान माझ्या कपाटावर डस्टरशेजारी पडून राहिला, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पोरांनी पहिल्या दिवशीच त्याचं नाव लांबसर ठेवलं. रोज परिपाठाच्या आधी लांबसर वर्गाच्या दारात गुडघ्यांवर बसायचे, कारण उभं राहिलं तर पोरांचे डोळे सापडायचे नाहीत. एकेकाचा हात हातात घ्यायचा, डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, “सुप्रभात, ओम. सुप्रभात, प्रांजल.” सत्तावीस पोरं! मी म्हटलं, सर, सगळ्यांना एकदम नमस्ते म्हणा, मिटलं. तर म्हणाला, “मग मी कोणाला भेटलो?” ह्याच्यापुढं काय बोलणार, कपाळ? आठवडाभरात पोरं हात धुऊन, केस विंचरून यायला लागली. खिचडी शिजवणाऱ्या मावशीसुद्धा पदराला हात पुसत रांगेत उभ्या राहायच्या. मी नाही राहिले. मी बाई होते ना वर्गाची.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या वर्षी तालुक्याच्या आदर्श शिक्षिका पुरस्कारासाठी माझा प्रस्ताव गेला होता. लोक म्हणतात, पुरस्काराचं काय एवढं? ज्यांना मिळालाय तेच असं म्हणतात. शिरूरला आमचं एकत्र कुटुंब. माझी थोरली जाऊही शिक्षिका. तिला दोन वर्षांपूर्वी मिळाला. त्याची फ्रेम हॉलमध्ये बरोबर टीव्हीच्या वर लावलीय, आणि दर दिवाळीला ती पुसायचं काम माझ्याकडं. जाऊबाई खालून सांगणार, “कोपऱ्यात राहिलं बघ गं थोडं.” अकरा वर्षं नोकरी झालेली माझी. मला तो पुरस्कार पाहिजे होता. अगदी मनापासून, हावरटासारखा पाहिजे होता. पुरस्काराची समिती डिसेंबरात वर्ग बघायला येणार होती.

आणि माझा वर्ग म्हणजे असा तसा नव्हता. बाहेर रस्त्यावरून ऐकू यायचा. मी विचारायचे, “महाराष्ट्राची राजधानी मुं...?” सत्तावीस तोंडं एकदम, “...बई!” “वनस्पती अन्न कशात तयार करतात? पा...?” “...नात!” माझे गुरुजी असंच शिकवायचे, त्यांचेही असंच शिकवत असणार. मला तर ती सवय इतकी लागलेली, की घरीही सुटायची नाही. “गॅस संपलाय, नंबर कोण लावणार? तुम्...?” आणि आमचे हे मोबाइलमधून डोकं न काढता म्हणायचे, “...ही.” लग्नाला बारा वर्षं झाली. ह्यांनी कधी पूर्ण शब्द बोललेला मला आठवत नाही.

लांबसर पहिला आठवडा मागच्या भिंतीला टेकून नुसतं बघत होते. वहीत टिपत होते. शनिवारी माझ्याकडं आले.

“बाई, मुंबई या उत्तराचा अर्धा भाग तुम्हीच सांगितला. मग मुलांना किती गुण?”

मी म्हटलं, “निम्मे.”

त्यानं वहीत लिहून घेतलं. बघा, म्हणजे चेष्टाही करायची सोय नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून तो शिकवायला लागला. त्यानं ओमला उभं केलं आणि विचारलं, “तुझ्या घरापासून शाळा किती दूर आहे असं तुला वाटतं?” आणि थांबला. हात मागं बांधून, मान जरा तिरकी करून, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. वर्ग गप्प. आपल्याकडं वर्ग गप्प म्हणजे कुणाला तरी मार बसलाय, नाहीतर साहेब आलेत. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. दारातून एक शेळी आत आली, पहिल्या बाकाखालची खडूची पेटी हुंगली, निघून गेली. लांबसर थांबलेलेच. शेवटी ओम रडवेला होऊन म्हणाला, “सर, तुमाला बरं वाटंना का?”

“मला बरं आहे. मी तुझ्या उत्तराची वाट पाहतो आहे.”

“माझ्या?” ओम म्हणाला. चार वर्षं शाळेत होता, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं खरंच विचार केला आणि म्हणाला, “पळत आलं तर जवळ हाय. गृहपाठ न्हाई केला तर लांब हाय.” मी मागं बसून हसले. हसले, पण मनात म्हटलं, ह्या वेगानं भूगोल जूनपर्यंतही संपायचा नाही.

ह्या थांबण्याचा पहिला बळी मात्र पोरं नव्हेत, आप्पा. शाळेच्या संडासाला नळ नव्हता. दोन वर्षं मी आप्पांना सांगत होते आणि दोन वर्षं ते ‘बघू की, बाई’ म्हणत होते. एकदा ते शाळेत आले तेव्हा लांबसरांनी विचारलं, “आप्पा, नळाला पाणी कधी येईल?”

“बघू की, सर.”

लांबसर थांबले. तीच तिरकी मान.

आप्पांनी टोपी काढली, घातली. “म्हंजी ग्रामपंचायतीत ठराव घ्यायचाय.”

लांबसर थांबलेलेच.

“पुढच्या महिन्यात करू.” काही नाही. “बरं, पुढच्या आठवड्यात!” तरी काही नाही. आप्पांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर माणसाला बोलून गार करायची सवय. न बोलणाऱ्याचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. “मंगळवारी! मंगळवारी पाइप टाकतो, पर ते डोळं जरा तिकडं वळीव की, बाबा!”

“धन्यवाद,” लांबसर म्हणाले. मंगळवारी पाणी आलं. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, ह्याला मतदार करू नका बरं का गावात.”

डिसेंबरात, समिती यायच्या आठवडाभर आधी, शाळा सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. उभाच राहिला. मी म्हटलं, बोला.

“बाई, प्रांजल अर्धा क्षण उशिरा बोलते.”

प्रांजल तिसरीतली. वस्तीवरचीच, आई-वडील फुलशेती करणारे. आवाज असा खणखणीत, की समूहगीतात तिच्या एकटीच्या जोरावर वर्ग चालायचा. म्हणूनच मी तिला पहिल्या बाकावर बसवली होती. साहेब आले की उत्तर दणक्यात यायला पाहिजे ना.

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“सगळे ‘बई’ म्हणतात. ती ‘ई’ म्हणते. ती इतरांचं ऐकून बोलते. मला वाटतं तिला वाचता येत नाही.”

मला राग आला. सहा आठवडे झाले नाहीत येऊन, आणि हा मला माझी पोरगी सांगणार? मी म्हटलं, “सर, ती लाजाळू आहे.” प्रांजल आणि लाजाळू! मलाच ऐकताना कसंतरी झालं. तो म्हणाला, “असेल.” आणि गेला. मी दप्तर आवरलं आणि तो विषय डोक्यातून काढून टाकला. खरं सांगायचं तर, काढून टाकायचा म्हणून काढला. समिती आठवड्यावर आली होती.

समिती आली. एक विस्तार अधिकारी साहेब, आणखी दोघं, आणि फोटोग्राफर. वर्ग झाडून, फळ्याला रांगोळीची नक्षी काढून, पोरांना तेल लावून मी तयार. साहेबांनी माझ्याकडं धड बघितलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष साडेसहा फुटाकडं. “परदेशी सरांचा पाठ बघू की. फोटोही चांगला येईल.”

मी लांबसरांना व्हरांड्यात गाठलं. “सर, हात जोडते. आज थांबू नका. फक्त आजचा दिवस. पाहिजे तर पहिलं अक्षर तुम्ही सांगा.”

त्यानं विचार केला. अशा वेळीसुद्धा विचार केला! “बाई, मी प्रयत्न करीन. पण वचन देत नाही.”

त्यानं फळ्यावर एक वाक्य लिहिलं. पुस्तकातलं नव्हतं, स्वतःचं. ‘आज आप्पांच्या शेतात झेंडू तोडायला सहा माणसे आली.’ तो वर्गाकडं वळला, आणि मला वाटतं तो ओमलाच उठवणार होता. त्यानं खरंच प्रयत्न केला होता. पण मधेच साहेब म्हणाले, “ही पहिल्या बाकावरची मुलगी हुशार दिसते. मघाशी गाणं किती छान म्हणाली. हिला वाचू द्या.”

प्रांजल उभी राहिली.

लांबसर थांबले.

मी आजवर बाळंतपणं सोसली, ऑनलाइन माहिती भरायच्या शेवटच्या तारखा सोसल्या, पण तसला वेळ सोसला नाही. माझ्या जिभेवर ‘आ...’ आलेला. नुसता ‘आ’ काढला असता तर अख्ख्या वर्गानं ते वाक्य ओढून नेलं असतं आणि प्रांजल त्यातच वाहून गेली असती. मी ओढणीचा बोळा तोंडावर धरला. प्रांजल फळ्याकडं बघत होती. मग वर्गाकडं बघितलं, कुणी सुरू करतंय का म्हणून. मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही.

साहेबांना राहवेना. “बोल बाळ, आज आप्पां...?”

लांबसरांनी हात वर केला. साहेबांपुढं! “कृपया. ती विचार करते आहे.”

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. साहेबांचा चेहरा असा झाला की मला तिथंच कळलं, फ्रेम गेली. आणि मग त्या शांततेत प्रांजल बोलली. खणखणीतच, तिला हळू बोलता येत नाही.

“सर, मला येत न्हाई.”

“धन्यवाद, प्रांजल,” लांबसर म्हणाले. “हे सांगायला धैर्य लागतं.” आणि वर बेशरमपणे वर्गाला विचारलं, “आणखी कोणाला हे वाक्य वाचता येत नाही?”

चार हात वर आले. त्यातला एक चौथीतला.

समिती चहाही न पिता गेली. गाडीची धूळ खाली बसायच्या आत मी त्याला नव्या नळापाशी गाठलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. “तुमचं काय जातंय? चार आठवड्यांनी तुम्ही विमानात बसणार. मला इथं राहायचंय! ह्याच तालुक्यात, ह्याच लोकांत, त्याच फ्रेमखाली! कोण तुम्ही मला शहाणपण शिकवणारे? स्वतःला वर्ग सांभाळता येत नाही, पोरगं रडेस्तोवर उभं करता!” आणखीही बरंच. तो खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “हो. तुम्हाला इथं राहायचं आहे. हे खरं आहे.”

बस, एवढंच. भांडणाऱ्या माणसाला असं उत्तर देतात का? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो सकाळी दारात गुडघ्यांवर बसलेला असायचा, मी मागच्या दारानं वर्गात जायचे. घरी जाऊबाई म्हणाल्या, “असू दे गं, पुढच्या वर्षी.” इतकं गोड म्हणाल्या की मी भांडी आपटत घासली.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रांजलची आई आली. हाताला झेंडूचा पिवळा रंग, डोक्याला फडकं, तोडणीतूनच उठून आलेली. व्हरांड्यात चप्पल काढून उभी राहिली. मला वाटलं, साहेबांपुढं पोरीची शोभा झाली म्हणून भांडायला आली. मी तयारच होते.

“बाई, येक इचारू का? राग न्हाई ना यायचा?”

“विचारा की.”

“दिवाळीच्या आधी तुमी प्रगतीपुस्तक दिलं बघा. त्यात वाचन अ-दोन लिव्हलंय, आसं ह्यांनी वाचून दावलं. मला काय वाचता येत न्हाई. म्या खूश झाले. म्या तिला म्हटलं, वाच बाय, माझ्यापुढं येक पान वाच. तर वाचंना. नुसती गप. म्या म्हटलं, बाईंपुढं येतंय आन् आईपुढं नखरं करती व्हय? आई अडाणी हाय म्हणून?” ती फडक्याचं टोक बोटाला गुंडाळत होती. “लाटण्यानं हाणलं म्या तिला. दोनदा. दोनदाच कुठं, लई येळा. आन् परवा ती म्हणती, आई, मला येतच न्हवतं. खरं हाय का, बाई?”

“खरं आहे,” मी म्हटलं.

“मंग म्या तिला कशापायी मारलं?”

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती खरंच मला विचारत होती. शिकलेल्या माणसाला विचारतात तसं, उत्तर मिळेल म्हणून. आणि माझ्याकडं उत्तर होतं. ते अ-दोन मी लिहिलं होतं. प्रांजलला एकटीला उभं करून कधी एक ओळही वाचायला न लावता, आवाज मोठा म्हणून लिहिलं होतं, आणि त्या अक्षराचा मार घरी ती पोरगी खात होती. एवढीशी पोर, तिकडं मार खाल्ला आणि इकडं रोज पहिल्या बाकावरून माझ्यासाठी ओरडत राहिली. मला लाज वाटली. तोंड लपवावं अशी लाज.

“तुमची चूक नाही,” मी म्हटलं. “माझी चूक आहे. मी न बघता लिहिलं.”

तिला ते पटलं नाही. बाई चुकत नसतात असंच तिला वाटत होतं. “आसू द्या, बाई,” असं वर मलाच म्हणाली, आणि तोडणी खोळंबली म्हणून गेली. मी व्हरांड्यात बसून रडले. लांबसर वर्गातून बाहेर आले, मला बघितलं, शेजारच्या पायरीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. काही विचारलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं गप्प बसणं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास मी आणि ती पाच पोरं. लांबसरांना मी म्हटलं, तुम्ही घ्या, तुमचा हातखंडा आहे. “नाही,” तो म्हणाला, “तुम्हाला इथं राहायचं आहे.” माझंच वाक्य माझ्या पदरात टाकलं मेल्यानं, तेही अगदी साळसूदपणे. पहिले काही दिवस फार हाल झाले. प्रांजल एका अक्षरापाशी अडायची आणि मला आतून उमाळे यायचे. मी हातावर हात दाबून बसायचे. शेवटी दातांत पेन्सिल धरायला लागले, म्हणजे तोंड उघडलं तर पेन्सिल पडेल आणि मला कळेल. पेन्सिली बऱ्याच खराब झाल्या.

जानेवारीत तो गेला. जायच्या आधी त्याच्या कॉलेजचा इंग्रजी फॉर्म मला भरायचा होता. आप्पांच्या सुनेनं तो मराठीत करून दिला. ‘विद्यार्थ्यांशी संवाद’ असा एक रकाना होता. मी लिहिलं, ‘कमी बोलतो. तेवढं पुरतं.’ दौंड स्टेशनवर आप्पांनी सवयीनं विचारलं, “मग सर, आज किती टक्के?” तो प्लॅटफॉर्मवर बॅग ठेवून विचार करायला लागला. गाडी हलली तरी विचारच. आप्पा ओरडले, “आवो, चढा आदी! ही गाडी हाय, बाई न्हाई!” उत्तर दारातून ओरडून दिलं त्यानं, पण इंजिनाच्या भोंग्यात ते काही आम्हाला कळलं नाही. आप्पा परत येताना पाटसपर्यंत नाक शिंकरत होते. उसाची धूळ म्हणाले.

पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगले आठ दिवस वाटत राहिलं.

एक मेला झेंडावंदन झालं की आम्ही निकाल वाटतो. पालक सगळे येतात. प्रांजलचं प्रगतीपुस्तक लिहिताना मी आदल्या दिवशी बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. पोरगी वाचत होती. अडखळत, बोट ठेवून, पण एकटी. बाई म्हणून माझा जीव तिला वरची श्रेणी द्यायला तुटत होता, थोडं तिच्यासाठी, थोडं माझ्यासाठी. मी ब-दोन लिहिलं. तेवढंच होतं ते.

तिची आई फडकं सावरत पुढं आली आणि प्रगतीपुस्तक नेहमीसारखं नवऱ्याकडं द्यायला वळली. प्रांजलनं ते मधेच घेतलं. झेंड्याच्या कट्ट्यावर बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. स्वतःचं नाव. इयत्ता तिसरी. वाचन. मग खणखणीत आवाजात, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, “ब-दोन.”

आईचं तोंड उतरलं. हळूच म्हणाली, “ब? आगं, आदी तर अ व्हता की.”

“त्यो बाईंचा व्हता,” प्रांजल म्हणाली. “ह्यो माझा हाय.”